भावाने घराबाहेर काढलं, बारामतीच्या पंतांनी जवळ केलं : शाहीर राम जोशींची गोष्ट

बारामती म्हटलं की आधी राजकारण आठवतं, मग ऊस आठवतो. पण अडीचशे वर्षांपूर्वी हे गाव दोन वेगळ्याच गोष्टींसाठी माहीत होतं. एक, पेशव्यांना कर्ज देणारे नाईक सावकार. दोन, त्याच नाईकांच्या आश्रयाला राहून आर्यांमागून आर्या रचणारे मोरोपंत.

मोरोपंत म्हणजे शुद्ध आचाराचे पुराणिक. सकाळ-संध्याकाळ महाभारत, रामायण, भागवत यात बुडालेला माणूस. आणि गंमत अशी की बारामतीत त्यांच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींमधली सगळ्यात रंगतदार गोष्ट एका तमासगिराची आहे.

त्या तमासगिराचं नाव राम जोशी. सोलापूरचा, जोशीपण आणि पुराण चालणाऱ्या ब्राह्मण घरातला मुलगा. पुराण सांगायचं सोडून हातात डफ घेतला म्हणून सख्ख्या भावाने त्याला घराबाहेर काढलं होतं.

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा ‘बिघडलेला मुलगा संतसंगतीने सुधारला’ अशा थाटात सांगितली जाते. नीट पाहिलं तर त्यात भांडण दुसरंच आहे. एखाद्याने आयुष्यात काय करायचं हे कोणी ठरवायचं? त्याने, घरच्यांनी, जातीने की सरकारने? आणि त्याच्या आवडीची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागत असेल, तर काय?

सुरुवातीपासून बघू.

राम जोशींचा जन्म साधारण १७६० च्या आसपासचा, सोलापूरचा. वडिलांचं नाव जगन्नाथ. थोरले भाऊ मुद्गल जोशी व्युत्पन्न होते, पुराण आणि कीर्तन हा त्यांचा व्यवसाय. धाकट्याने त्यांच्याच वाटेने जायचं हे घरात कोणी ठरवावंही लागलं नसेल, ते ठरलेलंच होतं. पाठांतर चांगलं, आवाज चांगला, संस्कृत कानावर पडलेलं. पुराणिक व्हायला आणखी काय लागतं?

पण सोलापुरात धोंडी शाहिराचा फड होता. राम तिकडे जाऊन बसायला लागला. आधी ऐकायला, मग झील धरायला, मग लावण्या रचून द्यायला.

तेव्हाचा तमाशा म्हणजे आज आपण बघतो तो नाही. रंगमंच, पडदे, दिवे यातलं काहीच नाही. डफ, तुणतुणं, झांज, मागे झील धरणारे दोघं-तिघं. बाईचं काम बहुतेक वेळा नाच्या पोऱ्या करायचा. खरी झुंज शब्दांची. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसायचे, एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे कवनातून उत्तर द्यायचं. रात्रभर हे चालायचं आणि ज्याचं उत्तर अडलं तो हरला. शब्दांचं वेड असलेल्या पोराला यापेक्षा मोठी शाळा कुठे मिळणार होती?

अडचण अशी की या शाळेत बसणाऱ्यांची जात वेगळी होती. फडात महार, मांग, कोल्हाटी असत, गवळी, शिंपी, मुसलमान असत. एकत्र बसणं, एकत्र फिरणं, एकत्र खाणंपिणं आलंच. ब्राह्मणाच्या मुलाने हे केलं की ती त्याची खासगी बाब राहत नसे.

आणि इथे मुद्गल जोशींची बाजू समजून घेतली पाहिजे. सिनेमात वगैरे ते खलनायक वाटतात. पण पेशवाईत ग्रामण्य नावाची गोष्ट होती. कोणी जातीचा आचार मोडला असा आरोप आला की जातीची सभा बसायची, शास्त्री-पंडितांकडे प्रश्न जायचा, कधी प्रकरण पुण्याच्या सरकारापर्यंत पोहोचायचं. निकाल विरुद्ध गेला तर प्रायश्चित्त नाहीतर बहिष्कार. बहिष्कार म्हणजे पंगत बंद, मुलाबाळांची लग्नं बंद, घरी येणंजाणं बंद. आणि तो फक्त चुकणाऱ्याला लागू होत नसे, त्याच्याशी व्यवहार ठेवणाऱ्या घरालाही लागायचा.

आता विचार करा. तुमचं पोट पुराण सांगण्यावर आहे. लोक तुम्हाला पवित्र मानतात म्हणून तुमच्या पुढ्यात तांदूळ आणि दक्षिणा पडते. धाकटा भाऊ रात्री फडात आणि सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात. उद्या कोणी बोट दाखवलं तर चूल तुमची बंद होणार, धोंडी शाहिराची नाही. मुद्गल जोशींनी भावाला बाहेर काढलं. निर्णय कठोर होता, पण तो घेताना त्यांच्यापुढे पर्याय तरी किती होते?

जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाच्या वागण्यात इतरांनी हात घालायचा तो फक्त दुसऱ्याचं नुकसान टाळण्यासाठी. ते वागणं आपल्याला आवडत नाही, एवढं कारण पुरत नाही. वाचायला सोपं वाटतं. पण सोलापूरच्या या घराला हे लावून बघा. मुद्गल जोशींचं नुकसान तर होणार होतं. मग राम चुकला का?

माझं म्हणणं असं, की नुकसान रामच्या डफाने होत नव्हतं. ते बहिष्कार घालणाऱ्यांकडून होत होतं. एकाच्या वागण्याची शिक्षा सगळ्या घराला द्यायची अशी व्यवस्था असली, की प्रत्येक घर आपोआप पोलीस चौकी होतं. सभा भरवायचीसुद्धा गरज पडत नाही, भाऊच भावाला दार दाखवतो. ही यंत्रणा किती चिवट आहे बघा. जात पंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करायला महाराष्ट्राला २०१६ साल उजाडलं. विधिमंडळाने तो तेव्हा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून २०१७ मध्ये तो लागू झाला. सामाजिक बहिष्कार घातला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. राम जोशी गेल्यावर दोनशे वर्षांनी.

असो. घरातून निघालेला राम पंढरपूरला गेला. तिथे बाबा पाध्यांकडे राहून त्याने व्याकरण, काव्य, अलंकार असा रीतसर अभ्यास केला. घर सोडून पळालेला मुलगा शास्त्र शिकायला बसतो, हे नेहमीच्या साच्यात बसत नाही ना? पण त्याला घरच्यांनी शिकवलेल्या विद्येचा कधी राग नव्हताच. त्याला फक्त ती विद्या कुठे वापरायची हे स्वतः ठरवायचं होतं.

सोलापूरला परत आला तेव्हा तो पक्का पंडित होता. पुराण सांगायला लागला, लोक गर्दी करायला लागले, भावाचंही मन निवळलं. इथे गोष्ट संपली असती तर राम जोशी हे नाव आज कोणाला माहीतही नसतं. सोलापूर जिल्ह्यात चांगले पुराणिक काही कमी झाले नाहीत.

पण फड सुटला नाही. पुढे तर राम जोशींनी स्वतःचाच फड उभा केला आणि गावोगाव फिरायला लागले.

त्यांची लावणी वेगळी का वाटली, हे समजून घेण्यासारखं आहे. पंढरपूरला शिकलेलं संस्कृत, अनुप्रास, यमकं, श्लेष हे सगळं त्यांनी डफाच्या ठेक्यावर आणून बसवलं. मराठीत तर रचलंच, पण संस्कृतातही लावणी रचली. एकाच रचनेत दोन-चार भाषा खेळवल्या. ‘मदालसाचंपू’ नावाचं संस्कृत काव्यही त्यांच्या नावावर आहे. त्यांची एक प्रसिद्ध लावणी छेकापन्हुती नावाच्या अलंकारावर उभी आहे. म्हणजे बाई मैत्रिणीला असं काही वर्णन करून सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं प्रियकराबद्दल बोलतेय, आणि मैत्रिणीने तसं म्हटलं की ती साळसूदपणे भलत्याच वस्तूचं नाव घेते. फडात बसलेल्या शेतकऱ्याला शृंगार कळायचा, पंडिताला अलंकार कळायचा. दोघंही खूश.

आणि शृंगार रचणाऱ्या याच माणसाने जटा वाढवून, अंगाला राख फासून फिरणाऱ्या ढोंग्यांना झोडपणारं कवनही लिहिलं. मनात काही नाही आणि वरून सोंग, यावर त्यांनी ओढलेले कोरडे आजही ऐकताना झोंबतात. ज्याला सगळे अनीतिमान म्हणत होते, त्याने नीतीच्या सोंगावर लिहावं हे मला तरी अगदी स्वाभाविक वाटतं. ते सोंग त्याने जवळून पाहिलं होतं.

आता बारामती.

सोलापूरहून पुण्याकडे निघालात तर आज मोडनिंब, टेंभुर्णी, मग भीमा ओलांडली की इंदापूर, पुढे भिगवण, पाटस आणि चौफुला लागतं. बारामतीला जायचं असेल तर इंदापूर किंवा भिगवणहून डावीकडे वळायचं. या रस्त्याची एक गंमत आहे. मोडनिंब आणि चौफुला ही दोन्ही लावणीच्या कला केंद्रांची ठिकाणं. म्हणजे बारामती-इंदापूरचा हा पट्टा आजही लावणीच्या दोन मुक्कामांच्या मधोमध आहे. इथल्या गावांच्या जत्रेत तमाशा ठरवायचा की कीर्तन, यावर आजही बैठकीत आवाज चढतात.

त्या काळी बारामतीवर छाप होती नाईक जोशी घराण्याची. हे मूळचे कोकणातले सावकार. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली, आबाजी नाईकांची ती बायको. आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक म्हणजे बाजीरावाचे सावकार, आणि तगादा लावून त्याला हैराण करणारे सावकार. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावं म्हणून नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने त्यांनी खटपट केली होती. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. बाबूजींचा वाडा कऱ्हा नदीच्या काठावर आजही उभा आहे.

याच नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत आले. मोरेश्वर रामजी पराडकर, जन्म १७२९, पन्हाळ्याचा. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्याकडे शिकलेले. १७५२ च्या सुमारास बारामतीला आले आणि १७९४ मध्ये देह ठेवेपर्यंत इथलेच झाले. बेचाळीस वर्षं एका गावात, एका आश्रयाखाली, एका लयीत.

पण मोरोपंतांना नुसते कोरडे पुराणिक समजू नका. हा माणूस शब्दांचा जुगारी होता. एकशे आठ रामायणं त्यांनी रचली असं मानतात, आणि प्रत्येकाची काहीतरी वेगळी अट. ‘निरोष्ठ रामायण’ लिहिलं, त्यात ओठांना ओठ लागतील असं एकही अक्षर नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. आता राम हे नावच म वर संपतं, तर रामायण म न वापरता कसं लिहायचं? पंतांनी लिहिलं. ही भक्ती तर आहेच, पण तो खेळही आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात कोडं घालणाऱ्या शाहिराचं डोकं आणि हे डोकं फार लांबचं नाही.

म्हणून राम जोशी बारामतीत आले तेव्हा काय झालं याचं मला नवल वाटत नाही. सांगणारे तपशील वेगवेगळे सांगतात, गाभा एकच आहे. मोरोपंतांच्या कानावर राम जोशींची रचना पडली आणि पंतांनी नाक मुरडलं नाही. त्यांनी माणसाला बोलावलं, ऐकलं, त्याच्या वाणीचं कौतुक केलं आणि ही वाणी देवाच्या कथेला लाव असं सुचवलं. राम जोशींनी ते मानलं. मोरोपंतांच्या आर्या घेऊन ते कीर्तनाला उभे राहिले, आणि वाड्यात पुराणाला येणाऱ्यांपुरत्या असलेल्या आर्या गावागावांत पोहोचल्या.

मुद्गल जोशी आणि मोरोपंत यांच्यातला फरक इथे दिसतो. श्रद्धा दोघांची एकच, आचारही एकच. पंतांना तमाशा मान्य होता असं अजिबात नाही. पण त्यांनी दार बंद करून सांगितलं नाही, बोलावून सांगितलं, आणि ऐकायचं की नाही हे ऐकणाऱ्यावर सोडलं. अर्थात पंतांना हे परवडण्यासारखं होतं हेही खरं. त्यांच्यामागे नाईकांचा वाडा होता. मुद्गल जोशींच्या मागे कोण होतं?

इथे नेहमीची गोष्ट संपते. डफ गेला, टाळ आले, शेवट गोड.

पण तारखा जुळवून बघा. मोरोपंत वारले १७९४ मध्ये. दुसरा बाजीराव पेशवा झाला १७९६ मध्ये. आणि राम जोशींच्या लावणीला पुण्यात मान आणि पैसा मिळाला तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. म्हणजे पंतांनी जवळ केल्यानंतरही राम जोशींनी लावणी सोडलेली नव्हती. त्यांनी कीर्तनही केलं, लावणीही केली. दोन्हींत त्यांना विसंगती दिसली नसावी. ती आपल्याला दिसते, म्हणून आपण गोष्टीचा शेवट बदलला.

अशीच दुसरी एक आख्यायिका आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी, तेही ब्राह्मण. त्यांना म्हणे अहिल्याबाई होळकरांनी तमाशा सोडायला सांगितलं, त्यांनी डफ फोडला आणि कीर्तन धरलं. दोन शाहीर, दोन गावं, गोष्ट जवळजवळ एकच.

आता त्याच काळातले बाकीचे शाहीर घ्या. होनाजी बाळा, म्हणजे होनाजी गवळी आणि त्याचा साथीदार बाळा शिंपी. परशराम, तोही शिंपी. सगनभाऊ मुसलमान, शिकलगार. यांच्या लावण्याही तितक्याच शृंगारिक, यांनाही लोकांनी डोक्यावर घेतलं. पण यांना तमाशातून बाहेर काढून कोणी उद्धार केला अशी गोष्ट एवढ्या आवडीने सांगितली गेली नाही. का? कारण त्यांनी तमाशा करण्यात कोणाला काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. नीती मोडली असा आरडाओरडा झाला तो फक्त वरच्या जातीचा माणूस खाली उतरला तेव्हा. ज्यांना खालीच ठेवलं होतं त्यांनी नाचावं, गावं, रात्रभर करमणूक करावी, हे सगळ्यांना सोयीचं होतं.

म्हणजे आक्षेप लावणीवर नव्हताच. कोण कोणाबरोबर बसतो यावर होता.

पेशव्यांच्या वाड्यात याचं उत्तम उदाहरण दिसतं. रस्त्यावर जी लावणी ऐकली तर आचार बुडतो, तीच लावणी वाड्यात ऐकली की रसिकता. दुसऱ्या बाजीरावाने शाहिरांना बिदाग्या दिल्या, कलावंतिणींच्या बैठका केल्या. आणि त्याच पेशवाईत व्यभिचाराचा आरोप सिद्ध झालेल्या बाईला कुणबीण, म्हणजे गुलाम करून किल्ल्यांवर नाहीतर सरकारी कारखान्यांत राबायला धाडलं जायचं. पुरुष बहुतेक वेळा दंड भरून सुटायचा. एकाच नीतीची ही दोन मापं.

माप अजूनही पुरतं बदललेलं नाही. महाराष्ट्र सरकारने २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घातली, पण तारांकित हॉटेलांना त्यातून वगळलं. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. नाच साध्या बारमध्ये केला तर अनैतिक आणि महागड्या हॉटेलात केला तर नाही, हा फरक न्यायालयाला पटला नाही. नाचणाऱ्या बाईचा व्यवसाय करण्याचा हक्कही न्यायालयाने मोजला. राम जोशींच्या काळात हे मोजणारं कोणी नव्हतं.

राम जोशींच्या फडाशी बया नावाच्या बाईचं नाव जोडलं जातं. पुढे सिनेमाने तिला नायिका केलं. पण राम जोशींना भावाने टाकलं, पंतांनी उचललं, पेशव्यांनी मान दिला, असं सगळं सांगताना बयेचं काय झालं हे सांगायची कोणाला गरज वाटली नाही. राम जोशी फडात गेले ते स्वतःच्या मर्जीने, आणि परत यायचं ठरवलं तर परत यायला एक घर, एक शास्त्र, एक जात शिल्लक होती. बयेसारखीला जायलाही मर्जी विचारली जात नसे आणि परतायला तर जागाच नव्हती.

हा प्रश्न पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी एकाने नेमका पकडला. पठ्ठे बापूराव, मूळ नाव श्रीधर कुलकर्णी, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. हेही ब्राह्मण, हेही घरदार, कुलकर्णीपण सोडून तमाशात गेले. त्यांच्या फडातली पवळा महार समाजातली, आणि तिच्या नावावर थिएटरं भरायची. असं सांगतात की महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत बापूरावांनी तमाशाचे खेळ लावून त्याची कमाई डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केली, आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. आमच्या समाजाच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा नको, असं त्यांचं म्हणणं.

हा आक्षेप आणि सोलापूरच्या सोवळ्यातला आक्षेप वरवर सारखेच दिसतात. दोन्ही तमाशाला नको म्हणतात. पण एकात भीती अशी की आमच्या मुलाला विटाळ होईल. दुसऱ्यात प्रश्न असा की नाचणारीला नाही म्हणायची मुभा आहे का? राम जोशींच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहायचं तर या दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर द्यावं लागतं. बाबासाहेबांशी तुम्ही सहमत व्हा किंवा नका होऊ. पवळा स्वतः मोठी कलावंत होती आणि तिची कला ही तिची कमाई होती, असंही कोणी म्हणेल, आणि ते चूक नाही.

१९४७ मध्ये राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं, लेखन आणि गाणी गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशी झाले जयराम शिलेदार आणि बया झाल्या हंसा वाडकर. सिनेमा तुफान चालला. मराठीत तमाशापटांची लाट आली ती यानंतर.

आणि साधारण त्याच दिवसांत मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन खऱ्या तमाशावर बंदी घातली. पडद्यावर राम जोशींची लावणी बघायला रांगा लागत होत्या आणि जत्रेतले फड घरी बसले होते. तमासगिरांनी दाद मागितली, समिती बसली, बंदी उठली. पण त्यानंतर वगाची संहिता आधी तपासून घ्यायची अट आली. ज्या कलेत उत्तर समोरच्याचा सवाल ऐकून तिथल्या तिथे रचायचं, तिची संहिता आधी कागदावर लिहून दाखवायची!

राम जोशी १८१२-१३ च्या सुमारास गेले. पुण्यात मिळालेला पैसा त्यांच्या हाती टिकला नाही असं चरित्रकार सांगतात. मोरोपंतांच्या घराण्याने पंतांचं लिखाण जपलं, त्यांच्याच वंशातल्या रामकृष्ण दत्तात्रेय पराडकरांनी ते संपादून छापलं. राम जोशींच्या लावण्यांना असा वाडा नव्हता. त्या तमासगिरांच्या आणि गोंधळ्यांच्या तोंडी फिरत राहिल्या, आणि शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या संपादकांनी जमवून छापल्या तेव्हा कागदावर आल्या.

कीर्तनकार आजही उभं राहिल्यावर आख्यानात मोरोपंतांची आर्या घेतात. ती त्यांच्यापर्यंत आणणाऱ्यांत ज्याचं नाव पहिलं घेतलं जातं, त्याचा आवाज तापला होता सोलापुरात, धोंडी शाहिराच्या फडात.